रोजंदारीचा कारागीर

काही वर्षांपूर्वी वर्गात शिकवीत असता एका इंग्रजी उताऱ्यात ‘जर्नीमन’ हा शब्द आला, आणि त्याचा अर्थ काय म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस विचारले. पहिल्या बाकावरील एका चुणचुणीत मुलीने तत्काळ ‘प्रवासी’ असे उत्तर दिले. उत्तर चुकले होते; पण ती चूक कोणाही शहाण्या माणसाच्या हातून व्हावी अशीच होती. इंग्रजीतील प्रवासवाचक शब्द आणि हा शब्द ही दोन्ही एकाच फ्रेंच आईची लेकरे, आणि त्या आईचा अर्थ ‘दिवस’. एकाने दिवसभराची मजल उचलली, दुसऱ्याने दिवसभराचे काम. उमेदवारी संपवून जो कसबी झाला, परंतु ज्याला स्वतःचे दुकान थाटता आले नाही, आणि म्हणून जो दुसऱ्याच्या कारखान्यात दिवसाच्या मजुरीवर राबतो, तो जर्नीमन; आपल्या भाषेत रोजंदारीचा कारागीर. हे सर्व आम्ही फळ्यावर मोठ्या थाटाने लिहून दिले. तेवढ्यात मागील बाकावरून आवाज आला, “सर, फुटबॉलच्या बातम्यांत हाच शब्द गावोगावच्या क्लबांतून फिरणाऱ्या खेळाडूला लावतात.” मग त्या मुलीचे तितकेसे चुकले नव्हते तर! फुटबॉलच्या मैदानावर दुरावलेली ती दोन भावंडे पुन्हा एकत्र आली होती. आम्ही ‘बरोबर’ एवढेच म्हणालो व पुढील ओळीकडे वळलो. कारण त्या शब्दाबरोबर आम्हास एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली होती, आणि ती वर्गात सांगण्यासारखी नव्हती.

मास्तरकीत केस पिकविलेल्या माणसाचा फुटबॉलशी संबंध काय, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खरे सांगावयाचे तर आम्ही जन्मात कधी चेंडूस लाथ मारलेली नाही. परंतु कोल्हापुरात तीस वर्षे काढून फुटबॉलपासून अलिप्त राहणे म्हणजे पंढरपुरात राहून आषाढीस दारे लावून बसण्यासारखेच होय. येथे कुस्तीच्या तालमींनीच हा खेळ आपलासा केला. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा ही नावे ऐकून परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे लाल माती उभी राहते. येथील पोरासोरांच्या डोळ्यांपुढे मात्र शाहू स्टेडियमचे मैदान उभे राहते. मोठा सामना असला म्हणजे पेठांतून वाहणारा तो लोंढा, ती शिट्यांची नि हलग्यांची गर्दी आम्ही कित्येक वर्षे नाक मुरडून पाहत आलो. शेक्सपिअर शिकविणाऱ्याने मैदानाकडे कशास फिरकावे, असा एक पोकळ अभिमान आमच्या ठायी होता.

तो विद्यार्थी या पेठांपैकीच एकीतला. वर्गात शेवटच्या बाकावर बसे, फारसे बोलत नसे, आणि पावसाळा संपून सामने सुरू झाले की गुडघ्याला पट्टी बांधून येई. आपण बॅकला खेळतो, असे त्याने एकदा विचारल्यावरून सांगितले. ‘किती गोल केलेस?’ असे आम्ही विचारले, तेव्हा तो हसला. “सर, माझं काम गोल होऊ न देण्याचं.” या उत्तराने आम्ही थोडे ओशाळलो, पण त्यातील मर्म आम्हास पुष्कळ उशिरा कळले.

मराठ्यांच्या इतिहासात गड घेणाऱ्यांची नावे मुलांस पाठ असतात. दोर लावून कडा चढलेला वीर पोवाड्यात येतो, चित्रात येतो, चौकातल्या पुतळ्यातही येतो. परंतु जो गड तीस वर्षे शत्रूच्या हाती पडलाच नाही, त्याच्या मेटावर रात्री जागून काढणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव कोणत्या बखरीत सापडते? त्याच्या कर्तबगारीचा पुरावा एवढाच की, काही घडले नाही. आणि जे घडले नाही त्याची नोंद कोण ठेवणार? बॅकचे तसेच आहे. पुढील फळीतील खेळाडूने नव्वद मिनिटांत एकोणनव्वद वेळा चेंडू दवडला आणि एकदा जाळ्यात धाडला, तर लोक त्यास खांद्यावर घेतात. बॅकने एकोणनव्वद वेळा संकट परतविले आणि एकदा त्याचा पाय घसरला, तर ती एकच वेळ लोकांच्या ध्यानात राहते.

सन २००३ मधील उन्हाळ्याचे दिवस होते. एका संध्याकाळी हा मुलगा आमच्या घरी आला आणि खुर्चीच्या अगदी कडेस बसला. आदल्या वर्षी त्याचे वडील नोकरीत असतानाच वारले होते. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. त्याच्या हातात एक सरकारी लिफाफा होता. अनुकंपा तत्त्वावर त्याला वडिलांच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळत होती व ठरावीक मुदतीत हजर व्हावयाचे होते. नेमक्या त्याच आठवड्यात गोव्यातील एका क्लबाच्या शिक्षकाने, कोल्हापुरातील एका स्पर्धेत त्याचा खेळ पाहून, त्यास चाचणीसाठी बोलाविले होते. चाचणीत उतरला तर एका मोसमाचा करार. न उतरला तर परतीची गाडी. त्याच्या मनात गोवा ही पहिली पायरी होती. तेथून पुढे तो कोठवर पाहत होता, हे त्याच्या पुढील वाक्यावरून कळले. “सर, बायचुंग भूतिया १९९९ साली इंग्लंडला गेला की. बरी नावाच्या क्लबाकडून खेळला.”

त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते आजही आमच्या कानांत आहे. आम्ही म्हणालो, “अरे, भूतिया एकच. आणि तो गोल करणारा. परदेशात बॅकला कोण विचारतो?” मग आम्ही वहीचे पान घेऊन त्यास हिशेब करून दाखविला. एकीकडे निश्चित पगार, निवृत्तिवेतन, बहिणींची लग्ने. दुसरीकडे एका वर्षाचा करार आणि गुडघ्याची पट्टी. हिशेबात चूक नव्हती. त्या वेळी आमचे वय तीस-बत्तीसचे, म्हणजे उपदेशाची हौस ऐन भरात असण्याचे. तो पान घडी करून खिशात घालून गेला व मुदतीच्या आत कचेरीत हजर झाला. आम्हास समाधान वाटले. एका मुलाचे आयुष्य मार्गी लागले, असे आम्ही त्या रात्री घरात बोलूनही दाखविले.

यानंतर सात वर्षांनी, १२ जून २०१० च्या रात्री, त्याच मुलाने आम्हास आपल्या घरी सामना पाहावयास बोलाविले. तोवर तो मुलगा कसला, दोन बहिणींची लग्ने उरकलेला आणि स्वतः संसारात पडलेला गृहस्थ झाला होता. रविवारी मात्र अद्याप तालमीकडून बॅकलाच खेळत असे. त्या दिवसांत दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाची स्पर्धा चालली होती. गल्लीच्या एका तोंडास ब्राझीलची व दुसऱ्यास अर्जेंटिनाची निशाणे लागलेली; त्या रात्रीचा सामना मात्र इंग्लंड आणि अमेरिका यांचा होता. रुस्टेनबर्गच्या मैदानावर तो सुरू झाला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजत होते. इंग्रजीचा प्राध्यापक इंग्लंडच्या बाजूचा असणार, असे त्याच्या घरच्यांनी गृहीतच धरले होते. त्याने मात्र पडद्यावर बोट ठेवून अमेरिकेचा एक बॅक आम्हास दाखविला आणि म्हणाला, “सर, आज याला बघा. चेंडू बघू नका.”

त्या खेळाडूचे नाव जे डिमेरिट. इंग्रजी शाळांतून खोडकर पोरांच्या नावापुढे जो काळा शेरा मारतात, त्याचा वाचक शब्दच या गृहस्थाचे आडनाव होऊन बसला आहे. मध्यंतराच्या वेळात चहा घेता घेता आमच्या विद्यार्थ्याने त्याची हकीकत सांगितली. पुढे आम्हीही ती ठिकठिकाणी वाचली, आणि तिच्यात फुगविलेले असे फार थोडे आढळले.

डिमेरिटचा जन्म १९७९ चा, विस्कॉन्सिन संस्थानातील ग्रीन बे या गावचा. शिकागो येथे विद्यापीठात असताना त्याला पुढील फळीतून काढून बॅकला खेळविण्यात आले. पदवीनंतर अमेरिकेतील व्यावसायिक क्लबांपैकी एकानेही त्यास उचलले नाही. तेव्हा २००३ साली, म्हणजे आमच्या बैठकीत वहीचे पान फाडले गेले त्याच वर्षी, तो खिशात अठराशे डॉलर घालून लंडनास गेला. त्या वेळच्या भावाने ही रक्कम ऐंशी हजार रुपयांच्या आसपास भरते. आजोबा डेन्मार्कचे असल्यामुळे युरोपात काम करण्याची परवानगी मिळण्याची त्यास सोय होती. ती नसती तर पुढचे काहीच घडले नसते, हे विसरता कामा नये. एका मित्राच्या घरी माळ्यावर तो राहिला. इंग्लंडात फुटबॉलच्या क्लबांची एक मोठी उतरंड आहे; तिच्यात वरून नवव्या पायरीवर असलेल्या साउथॉल या क्लबाकडून त्याने खेळावयास आरंभ केला. मजुरी आठवड्यास चाळीस पौंड, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आत-बाहेर. हा खरा रोजंदारीचा कारागीर!

पुढील वर्षी नॉर्थवुड या दुसऱ्या लहान क्लबाच्या सरावात तो दाखल झाला. मोसमापूर्वी त्या क्लबाचा वॉटफर्ड या मोठ्या क्लबाशी मैत्रीचा सामना झाला, त्यात वॉटफर्डच्या चालकांची नजर त्याच्यावर पडली. त्यांनी चाचणीस बोलाविले आणि एका वर्षाचा करार दिला. नवव्या पायरीवरचा माणूस एका दमात दुसरीवर आला. २१ मे २००६ रोजी कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर लीड्स युनायटेडशी वॉटफर्डचा निर्णायक सामना झाला. जिंकेल तो पहिल्या पायरीवर चढणार, आणि त्या चढण्याची किंमत वर्तमानपत्रे कित्येक कोटी पौंड सांगत होती. त्या सामन्यात पंचविसाव्या मिनिटास अ‍ॅशली यंगने कोपऱ्यावरून चेंडू टाकला, आणि डिमेरिटने तो डोक्याने जाळ्यात धाडला. वॉटफर्डने सामना तीन-शून्य जिंकला.

या ठिकाणी आमचा विद्यार्थी थांबला व म्हणाला, “गंमत बघा, सर. तीन वर्षं गोल अडवले त्याचं कुणी नाव घेतलं नाही. एक गोल केला आणि जगाला माहीत झाला.”

एवढ्यात सामना पुन्हा सुरू झाला. चौथ्याच मिनिटास जेरार्डने इंग्लंडसाठी गोल केला होता व चाळिसाव्या मिनिटास डेम्प्सीचा सरपटता फटका इंग्लंडच्या गोलरक्षकाच्या हातून निसटून आत गेला होता. उत्तरार्धात आम्ही सांगितल्याप्रमाणे चेंडू पाहण्याचे सोडून एकट्या डिमेरिटकडे पाहत राहिलो. आयुष्यात प्रथमच आम्ही फुटबॉल पाहिला असे म्हणावयास हरकत नाही. रूनी हा त्या काळचा इंग्लंडचा बिनीचा वीर. तो डावीकडे वळे, तो हा दोन पावले आधीच तेथे असे. तो थांबे, तो हा थांबे. धावाधाव नाही, आविर्भाव नाही. एखाद्या जुन्या कारकुनाने चुकीचा कागद साहेबाच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वीच बाजूस काढून ठेवावा, तसे त्याचे काम चालले होते. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत गोलरक्षकाची चूक ठळक अक्षरांत होती. रूनीने गोल केला नाही हेही होते. तो कोणामुळे केला नाही, हे शोधावयास बारीक अक्षरांत जावे लागले.

दोन आठवड्यांनी त्याच मैदानावर घानाशी सामना झाला. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटास ग्यान हा घानाचा खेळाडू दोन बॅकांच्या मधून चेंडू छातीवर घेऊन निसटला आणि त्याच्या गोलाने अमेरिका स्पर्धेबाहेर गेली. त्या दोघांपैकी एक डिमेरिट. तेवढे चित्र मात्र पुन्हा पुन्हा दाखविण्यात आले.

मराठेशाहीच्या फौजेत स्वार दोन प्रकारचे असत. बारगिरास घोडा सरकारचा मिळे. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा पडला तर बारगिरास दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीच पडली. आपण सारे पगारदार लोक बारगीर. घोडा सरकारचा, दाणावैरण सरकारची, आणि ऐट मात्र स्वारीची. परमुलखात जाणारा हा बॅक शिलेदार होय. आणि त्याचा घोडा म्हणजे त्याचे शरीर. डिमेरिटच्या घोड्याची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. २००९ च्या जून महिन्यात, सतत पस्तीस सामने अपराजित राहिलेल्या स्पेनला अमेरिकेने दोन-शून्य असे हरविले, त्या बचावात तो होता. त्याच वर्षी डोळ्यास बसविण्याच्या भिंगाखाली काही कण जाऊन त्याचा एक डोळा दूषित झाला. शेवटी दुसऱ्या कोणाच्या डोळ्याचे पारपटल बसवून दृष्टी राखावी लागली. चेंडूचा अंदाज ज्याचे भांडवल, त्याचा डोळाच गहाण पडला होता. तरी पुढील वर्षी तो विश्वचषकात चारही सामने खेळला. वॉटफर्डचा करार २०१० मध्ये संपला. मग कॅनडातील व्हॅन्कूवर येथील क्लबाने त्यास बोलाविले व २०११ च्या मोसमात कर्णधार नेमले. २०१३ च्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात टाचेमागील शीर तुटली. २०१४ च्या जानेवारीत, चौतीस वर्षांचा असताना, त्याने खेळातून निवृत्ती पत्करली. चौतीस! आम्ही त्या वयात कायम झालो होतो.

ही हकीकत वाचून कोणी तरुण उद्याच खिशात पैसे घालून निघेल, तर त्याने जरा थांबावे. डिमेरिट आम्हास माहीत झाला तो यशस्वी झाला म्हणून. त्याच उन्हाळ्यात, त्याच लंडनास, तितकेच पैसे घेऊन गेलेले आणि सहा महिन्यांत परत आलेले किती असतील, त्यांची नावे कोणत्याही पटावर नाहीत. जगातील व्यावसायिक खेळाडूंच्या फिफ्प्रो या संघटनेने २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. चोपन्न देशांतील सुमारे चौदा हजार खेळाडूंस प्रश्न विचारले होते. त्यांपैकी शेकडा ४५ हून अधिक लोकांना महिन्यास हजार डॉलरांहून कमी पगार मिळत होता. शेकडा ४१ जणांचा पगार गेल्या दोन मोसमांत केव्हा ना केव्हा थकला होता. आणि कराराची सरासरी मुदत होती २२.६ महिने. दोन वर्षेसुद्धा नाही. वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रे येतात ते मूठभर धनी. बाकी सारा हा रोजंदारीचा मेळा आहे.

त्या मेळ्यातील माणसे आमच्या कोल्हापुरातही येतात. आफ्रिकेतून आलेले खेळाडू अलीकडे येथील तालमींकडून खेळताना दिसतात. अशाच एका बॅकचा खेळ पाहण्याचा योग आम्हास काही वर्षांपूर्वी आला. एव्हाना आम्ही नाक मुरडणे सोडले होते व आमच्या विद्यार्थ्याबरोबर स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसू लागलो होतो. त्याचा स्वतःचा खेळ गुडघ्याने थांबविला होता. तो परका बॅक पस्तिशीचा असावा. एक पाय किंचित जपून टाकी. भोवती हलग्या, अनोळखी भाषेतील आरोळ्या, एप्रिलचे ऊन. आणि हा माणूस आपल्या घरच्या अंगणात उभा असावा तसा शांत. एका वेळी दोघे अंगावर धावून आले, तेव्हा आमच्या तोंडून ‘मार, बाहेर मार’ असे शब्द निघून गेले. त्याने मारला नाही. चेंडू पायाखाली धरला, मान वर केली, क्षणभर पाहिले, आणि पंचवीस पावलांवरील आपल्या माणसाच्या पायात नेमका दिला.

आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, कच्चा बॅक घाबरला की चेंडू कुठंही उडवतो. त्या वेळेपुरतं संकट टळतं. पण चेंडू जातो समोरच्यांच्या ताब्यात. पक्का बॅक आधी बघतो, मग देतो. घालवणं वेगळं आणि देणं वेगळं.”

तो हे सहज म्हणाला. आम्हास टोचावे असा त्याचा हेतू मुळीच नव्हता. त्याच्या स्वभावात ते नाही. परंतु आमच्या डोळ्यांपुढे एकाएकी ते वहीचे पान उभे राहिले. २००३ च्या त्या संध्याकाळी आम्ही काय केले होते? मुलगा संकटात होता, चेंडू आमच्या पायापाशी होता, आणि आम्ही घाबरून तो मैदानाबाहेर उडवून दिला होता. हिशेब खरा होता, पण आम्ही मान वर करून पाहिले नव्हते. कचेरीत हजर होण्याची मुदत किती आहे, चार दिवस गोव्यास जाऊन चाचणी देऊन परत येता येईल की नाही, एवढे साधे विचारण्याचेही आम्हास सुचले नव्हते. पुढे एकदा भीत भीत त्यास विचारले, तेव्हा कळले की मुदत महिन्याची होती.

“मग गेला का नाहीस?” असे आम्ही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. “तुम्ही म्हणालात, बॅकला कोण विचारतो. मला वाटलं, सरांनी चौकशी केली असेल.” नंतर आम्हास अवघडू नये म्हणून त्यानेच भर घातली, “नोकरीचं तुम्ही बरोबरच सांगितलंत, सर. बहिणींचं सगळं नीट झालं. फक्त एकदा जाऊन आलो असतो, तर नाही जमलं असं तरी म्हणता आलं असतं.”

शिक्षकाच्या धंद्यात अशी वाक्ये ऐकण्याचे प्रसंग थोडे येतात, याचे कारण आपण चुकत नाही हे नव्हे. विद्यार्थी परत येऊन सांगत नाहीत, एवढेच. आम्ही त्यास काही उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हते.

गेल्या वर्षी तो पुन्हा आमच्या घरी आला. या वेळी बरोबर मुलगा होता. नुकती अठरा उलटलेला, बापासारखाच अबोल, बापासारखाच बॅक. आम्हास हसू आले, आणि मग पाहतो तो मुलगाही खुर्चीच्या कडेसच बसलेला! एका दलालाने त्यास युरोपातील एका लहान देशात क्लब मिळवून देतो म्हणून सांगितले होते व त्यासाठी काही लाख रुपये आगाऊ मागितले होते. बापाने भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्जही भरून ठेवला होता. आपल्या वाट्यास जे आले नाही ते मुलाच्या वाट्यास यावे म्हणून माणूस काय करील, याचा नेम नाही.

आम्ही ‘जा’ म्हणालो नाही, ‘जाऊ नको’ही म्हणालो नाही. कागद पुढे घेतला, पण हिशेब मांडला नाही, प्रश्न लिहिले. क्लबाचे नाव काय? त्या क्लबाचे पत्र कोठे आहे? पगार किती, मुदत किती, गुडघा मोडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, परतीचे तिकीट कोणाकडे? दलालाजवळ फिफाचा परवाना आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या क्लबास खेळाडू हवा असतो तो खेळाडूस पैसे देतो. हा उलटा व्यवहार कसा? डिमेरिटने आठवड्यास चाळीस पौंड घेतले होते, दिले नव्हते. बापलेक तो कागद घेऊन गेले. आठ दिवसांनी कळले की तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचल्यावर दलालाने फोन उचलणे बंद केले.

परंतु एवढ्यावर थांबलो असतो, तर तो पुन्हा चेंडू घालविण्याचाच प्रकार झाला असता. आमचा एक जुना विद्यार्थी गोव्यात शिक्षक आहे. त्याच्याकडून आम्ही तेथील क्लबांच्या चाचण्यांची चौकशी केली. एका ठिकाणी नावनोंदणी चालू होती. खर्च काय तो जाण्यायेण्याचा व चार दिवस राहण्याचा. कॉलेजात हजेरीची अडचण येईल म्हणाला, तेव्हा ती आमच्याकडे लागली.

ज्या रात्री तो निघाला, त्या रात्री आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो होतो. पोराच्या पाठीवर एक पिशवी, तिला बाहेरून बांधलेले बूट. बाप त्यास पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “घाबरून मारू नकोस. बघ, आणि मग दे.” गाडी सुटली, वळणावर तिचा मागचा दिवा दिसेनासा झाला, तरी तो बराच वेळ त्या दिशेस पाहत उभा होता. चाचणीत मुलगा उतरेल की नाही, उतरला तर पुढे कोणत्या मुलखात त्यास मजुरी मिळेल, यातले काहीच आम्हा दोघांच्या हाती नव्हते.

शेवटी त्याने घड्याळ पाहिले. “चला, सर,” तो म्हणाला. “उद्या कचेरी आहे.”